साडेसहाचा कार्यक्रम कोण ऐकतं

७ एप्रिल, रवि.
आमच्या जपानी रेडिओ कार्यक्रमाला दुसऱ्या एफएम केंद्राचाही नकार. मॅनेजर फार गोड बोलले. दिवाळी, साडी, करी यांवर हवा तेवढा वेळ घ्या. पण बायकांची आडनावं, परदेशी रहिवाशांचे हक्क हे 'चोत्तो मुझुकाशी'. जरा अवघड. म्हणजे नाही. कार्यक्रमातल्या माझ्या जोडीदार मोरिता-सान जिन्यात म्हणाल्या, इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण एवढ्या गोडीनं मला कुणी घालवून दिलं नव्हतं.

१३ एप्रिल, शनि.
केंद्र मिळालं. चालक मो-सानचा (मोरिता-सान रोज पूर्ण कोण लिहिणार) जुना विद्यार्थी, ओकाबे-सान. गादीच्या दुकानावर दोन खोल्या, प्रक्षेपण जेमतेम शेजारच्या उरायासुपर्यंत पोचतं. स्लॉट रविवारी सकाळी साडेसहाचा, कारण तो कुणालाच नको होता. अट एकच: कुणी विरोधात लिहिलं तर पत्र पूर्ण वाचायचं. लगेच हो म्हटलं. नवरा, समीर, म्हणतो, आठवडाभर तोयोसुचं ऑफिस आणि रविवारची झोपही गेली. जाऊ दे.

५ मे, रवि.
पहिला कार्यक्रम. विषय: जपानी कायद्यानं लग्नानंतर दोघांचं एकच आडनाव, आणि ते बहुतेक वेळा नवऱ्याचं. मो-सान माइकवर सहज म्हणाल्या की आडनाव सोडायचं नव्हतं म्हणून त्यांनी लग्न नोंदवलंच नाही. मला माहीत नव्हतं. पुढचा प्रश्नच विसरले.
घरी आल्यावर ईरानं माझ्या व्याकरणाच्या चुका वाचून दाखवल्या, जपानीतूनच. निदान एक श्रोता. पोटची पोर असली तरी.

१९ मे, रवि.
तीन कार्यक्रम झाले, निरोप एकही नाही. मो-सानचं म्हणणं, श्रोते घरी वाट बघत बसत नाहीत. त्या वेळी कामाला कोण लागलेलं असतं ते बघू आणि तिथं जाऊ.

२४ मे, शुक्र.
ऑफिसआधी दोघी स्टेशनमागच्या बेन्तोच्या दुकानात. जेवणाचे डबे भरणाऱ्या चौघी, फळीवर रेडिओ. मालकीणबाईंनी हात न थांबवता विचारलं, बोलता काय ते आधी सांगा. ईराच्या शाळेचा फॉर्म मी तीनदा चुकीचा भरला, ते सांगितलं. एकजण हसली. तिचाही परत आला होता, आणि ती इथलीच.
मालकीणबाईंनी फळ्यावर, आजच्या मेनूखाली, आमची फ्रिक्वेन्सी लिहून ठेवली. दिवसभर खूश.

२ जून, रवि.
पहिलं पोस्टकार्ड. इशिई-सान, वय ७४. बेन्तो घेताना दुकानात आम्हाला ऐकलं. "परदेशी लोकांनी आधी कचरा नीट वेगळा करायला शिकावं, मग मतं मांडावीत."
अट म्हणजे अट. पूर्ण वाचलं. मग सांगितलं की पहिल्या वर्षी माझी कचऱ्याची पिशवी चुकीची भरली म्हणून लाल चिठ्ठी लावून, न उचलता तशीच ठेवली होती, आणि आता आमच्या इमारतीत त्या चिठ्ठ्या मीच लावते. काचेपलीकडे ओकाबे-सान तोंड दाबून हसत होते.
दुपारपर्यंत सात निरोप. चार इशिई-सानच्या बाजूचे. तरी छान वाटलं.

२३ जून, रवि.
इशिई-सानकडून या वेळी बंद पाकीट. वर 'वाचून दाखवू नये'. त्यांच्या मुलीनंही आडनावापायी लग्न नोंदवलं नाही. दूर उत्तरेला, सेंदाईला असते. दोन वर्षं बोलणं नाही. विचारतात, तुमचा कार्यक्रम तिकडे कुठल्या केंद्रावर लागतो? "मी सांगितलं तर ती ऐकणार नाही. गाडीत रेडिओ लावते. आपोआप कानावर पडला तर बरं."
त्यांचं स्वतःचं मत बदललंय का, ते लिहिलेलं नाही.
तिकडे कुठेच लागत नाही.

२९ जून, शनि.
सेंदाईच्या एका छोट्या केंद्राला रेकॉर्डिंग पाठवलं होतं. आज मो-सानच्या घरून फोन केला. तिथल्या बाईंना आवडलंय. पण आमच्याकडे हे कोण ऐकणार, असा त्यांचा प्रश्न.
मो-सान म्हणाल्या, "एकजण आहे. गाडीत रेडिओ लावते."
मग बाईंनी विचारलं, "त्या गाडी घेऊन घरातून किती वाजता निघतात?"
इशिई-सानना विचारून कळवते म्हटलं. त्यांना तरी माहीत असेल का.