शुक्रवारची गप्प सभा

ओतूर, १७ फेब्रु. १९९९, बुध.
राखेचा बुधवार. आजपासून लेंट, ईस्टरपर्यंत चाळीस दिवस काहीतरी सोडायचं. दरवर्षी मी चहा सोडते आणि ताप घरादाराला होतो. ईस्टरपर्यंत माझ्या तोंडी लागायची कुणाची छाती नसते. यंदा चहा चालू.
दुसरंच काही सोडायचं मनात आहे. प्रार्थना कोरडी झालीय माझी. ओठ हलतात आणि डोकं शिवणक्लासच्या ब्लाउजांत. कुणाची बाही उसवायची, कुणाचे हूक राहिले. म्हणून शब्दच सोडून बघावेत. शुक्रवारी आपल्याकडे चार घरं प्रार्थनासभेला जमतात, तेव्हा सगळ्यांनी मिळून थोडा वेळ नुसतं गप्प बसायचं. ह्यांना अजून सांगितलं नाही. धीर होईना.

१९ फेब्रु., शुक्र.
सांगितलं. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा! सभेत ह्यांची प्रार्थना प्रसिद्ध. आदामापासून निघते, मिसरातून फिरून ओतूरच्या स्टँडवर येते, तोवर चहाला साय धरलेली. "गप बसायला सभा कशाला? घरोघरी बसा की," म्हणाले. सगुणाबाई (शाळेतून रिटायर, सगळ्यांत वडील) म्हणाल्या, "करून तर बघू."
केलं. एकाला खोकला, दुसऱ्याला हसू, वर माझाच कुकर शिट्टी देतोय. पार फज्जा. तरी मधे क्षणभर काहीतरी... नीट लिहिता येत नाही. बरं वाटलं एवढं खरं.

२६ फेब्रु., शुक्र.
आज हसून हसून पोट दुखतंय.
कुकर आधीच उतरवला होता. सगळे माना खाली घालून बसले, चिडीचूप. शेजारच्या हौसाबाईंना दर शुक्रवारी आमची ढोलकी-झांजा ऐकायची सवय. आज आवाज नाही, दारात चपलांचा ढीग, आत सगळे असे बसलेले. बाईंनी घरी जाऊन पिठलं टाकलं, भाकरी थापल्या, टोपली डोक्यावर घेऊन दारात उभ्या. डोळ्याला पदर. "कोन गेलं गं बाई? आमाला एका शब्दानं सांगितलं न्हाई!"
दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारधर्म! सगुणाबाईंनाच पहिलं हसू फुटलं. हौसाबाई आधी रागावल्या, मग स्वतःच हसत म्हणाल्या, "मरू द्या, आता आनलंय तर खावा. गार व्हतंय." सगळे जेवलो. मिरची सणसणीत.
हे मात्र जेवले नाहीत. "गावात हसं झालं," म्हणाले.

५ मार्च, शुक्र.
हे सभेला बसले नाहीत. चहा घेऊन सरळ स्टँडवर गेले, जुन्या ड्रायव्हर मंडळींत.
आम्ही बसलो. सुरुवातीला मला ह्यांचा रागच येत होता. मग राग दमला. आणि त्या शांततेत एकदम दिसलं, गेल्या वर्षी हे एस.टी.तून रिटायर झाले. गाडी गेली, खाकी गेली, घाटात मुठीत जीव धरून बसणारी पन्नास माणसं गेली. ह्यांचं ऐकायला हा एक शुक्रवार उरला होता, तो मी काढून घेतला. मला देव सापडायला लागलाय आणि नवरा स्टँडवर जाऊन बसलाय. असलं गप्प बसणं मला नको. पण सोडवतही नाही.
डोळे भरून आले. बऱ्याच दिवसांनी प्रार्थनेत रडले. छान वाटलं, काय सांगू!

८ मार्च, सोम.
भाकरी वाढताना विचारलंच. म्हटलं, गप्प बसायच्या आधी कुणीतरी दार उघडून द्यायला हवं. ते तुम्ही करा. एक वाक्य बोला, तुमच्या मनाचं. मग सगळे गप्प. शेवटी गाणी, ढोलकीसकट.
"एक वाक्य? माझं इंजिन गरम व्हायलाच अर्धा तास लागतो."
"ढकलून सुरू करू."
हसले. मोठ्यानं, पूर्वीसारखे! भाकरी अजून एक मागून घेतली.

१२ मार्च, शुक्र.
आले. बराच वेळ घसा खाकरला. मग म्हणाले, "देवा, आमी आलोय." बस.
त्यानंतर अशी शांतता, की कांदे भरलेला ट्रॅक्टर रस्त्यानं गेला तोसुद्धा मधे आला नाही. गाणी सुरू झाली तरी ह्यांचे डोळे मिटलेले. नंतर विचारलं, कुठं होता?
"माळशेज घाटात. पहाटंची गाडी. समोरनं कुनीच येत न्हवतं."
मी आज नुसती आनंदात आहे. शिवताना दोनदा सुई बोटात गेली तरी.

२८ मार्च, रवि.
झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. जुन्नरला चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं. आमचं शुक्रवारचं त्यांच्या कानावर गेलंय. "हे मौनबिन आपल्यात नाही, बाई. मंडळीला सवय लागली तर प्रार्थना करायचंच विसरतील." मी म्हटलं, मी तर आत्ता कुठं शिकतेय. त्यांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

२ एप्रिल, उत्तम शुक्र. (गुड फ्रायडे)
जुन्नर. चर्च गच्च. दरवर्षीप्रमाणे शेवटची प्रार्थना ह्यांच्याकडे. लोक सावरून बसले, पोरांना आयांनी आधीच बाहेर नेऊन आणलं.
हे उभे राहिले. "देवा," म्हणाले. आणि पुढं काहीच नाही.
मला वाटलं विसरले. मग बघितलं, चेहरा शांत. पाळकसाहेब माझ्याकडे बघताहेत. कुणीतरी खोकलं. मग तेही थांबलं. सगळं चर्च, एवढी माणसं, गप्प! आजच्या दिवशी हसू नये, पण माझ्या तोंडावरचं हसू जाईना. पदर लावून बसले.
कितीतरी वेळानं "आमेन" झालं. ते पाळकसाहेबांनीच म्हटलं, अगदी हळू.
दारात ह्यांचा हात धरून म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी तुमच्याकडे येतो."
परतीच्या जीपमध्ये हे अस्वस्थ. "बंद कराया येत्यात का बसाया?"
"मला काय माहीत? आधी बसू तर द्या त्यांना."