भाषण तयार आहे, फक्त सापडत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
तेवीस तारखेला मिसेसचे पहिले पुण्यस्मरण, कांजूरच्या विहारात. वंदना झाली की घरच्यांनी चार शब्द बोलायचे, नवऱ्याने तर बोलायचेच, अशी आपल्याकडे पद्धत. गेल्या वर्षी ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो नाही. घसा बसला होता. मिसेसचे भाऊ धोंडिराम अजून ते काढतात. या वेळी काळजी नाही. मार्चमध्ये एका दुपारी फोनमधल्या एआयकडून तिच्यावरचे भाषण तयार करून घेतले होते. फार मनापासून उतरले होते. वाचताना चष्मा पुसावा लागला. धूळ होती. आता फक्त उघडायचे आणि पाठ करायचे.

५ नोव्हेंबर
भाषण सापडत नाही. जुन्या गप्पांची यादी बोट दुखेपर्यंत सरकवली. मी एआय कामापुरतेच वापरतो, तरी एवढी यादी कशी झाली कळत नाही. वरच्या शोधाच्या भिंगात मिसेसचे नाव टाकले, 'कुंदा'. काही सापडले नाही म्हणाले. मी आयुष्यभर ऑफिसचा रेकॉर्ड सेक्शन सांभाळला, माझ्याकडून फाइल हरवत नसते. दोष सर्चचा.

७ नोव्हेंबर
मुलगा प्रबुद्ध बोरिवलीहून आला. त्याच्या मते ते भिंग फक्त वरची शीर्षके वाचते, आतला मजकूर नाही. त्याने लॅपटॉपवर वेगळे टूल टाकून दिले. ते शब्दन् शब्द धुंडाळते. 'कुंदा' टाकले. शून्य. प्रबुद्ध म्हणाला, मग तुम्ही लिहिलंच नसेल. त्याला विचारले, बायकोवरच्या भाषणात बायकोचे नाव नसेल का रे? मुलांना वाटते म्हाताऱ्याला काही जमत नाही.

९ नोव्हेंबर, दुपार
आज पद्धतशीर शोध घेतला. 'संसार': शून्य. 'सहवास': शून्य. तिच्या हातची डाळ भाषणात असणारच, म्हणून 'डाळ' टाकले. ढीगभर निघाले. तूरडाळीला किती शिट्ट्या. डाळ खाली लागली तर काय करावे. एका माणसाला किती डाळ भिजवावी. मग 'कपाट'. बंद कपाटातल्या साड्यांना कुबट वास येऊ नये म्हणून काय करावे. कपाट न उघडता डांबरगोळ्या ठेवता येतात का. 'झोप' टाकले तर यादी संपेना.
सगळा कचरा. भाषणाचा पत्ता नाही.

१२ नोव्हेंबर
कंपनीला कळवले की आपले सर्च सदोष आहे, त्वरित दुरुस्त करावे. आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे, असे उत्तर आले. काम सुरू झाले असावे.
मुलीचा, तेजलचा फोन. मी लिहून देऊ का म्हणत होती. नको म्हटले. तयार असताना पुन्हा कशाला लिहायचे? तसे दुसऱ्यांदा उतरणारही नाही. वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून आहे, खिडक्या बंद.

१६ नोव्हेंबर, रविवार
धोंडिराम जेवणाचे ठरवायला आले. खीर, पुरी, बटाट्याची भाजी. उठताना म्हणाले, "दाजी, या वेळी तरी तोंड उघडा. माझ्या बहिणीबद्दल जगाने बोलायचं आणि तुम्ही नाही, हे बरं दिसत नाही." सांगितले, असे भाषण आहे की ऐकत राहाल. दाखवा म्हणाले. त्या दिवशीच ऐका म्हटले.

२० नोव्हेंबर
तेजल मुलुंडहून आली. लॅपटॉपवर मी काय काय शोधले ते बघत बसली. मग हसायला लागली.
"बाबा, तुम्ही आईला कधी नावाने हाक मारलीत? घरात 'ऐकलं का' आणि लोकांत 'मिसेस'. मशीनला बरं नाव सांगाल तुम्ही."
तिने 'मिसेस' टाकले. लगेच निघाले.
मी लिहिले होते, मिसेस वारली, भाषण हवे. एआयने विचारले होते: त्यांचे नाव काय? एखादी आठवण? त्या कशावर हसायच्या? त्यावर माझे उत्तर: खासगी बाब आहे. जनरल द्या.
खाली भाषण. तेजलने मोठ्याने वाचले. त्या प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या, त्यांनी कधी कुणाचे मन दुखावले नाही. इथे ती थांबली. खालच्या मजल्यावरच्या काकू आईला बघून जिना बदलायच्या म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, ही कोण बाई आहे?"
भाषा चांगली आहे, एवढे मी म्हणालो. प्रिंट काढायला सांगितली.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
कार्यक्रम चांगला झाला. खीर पुरली. माझे नाव पुकारले तेव्हा प्रिंट खिशातच ठेवली. त्या बाईबद्दल तिथे वाचणे बरे दिसले नसते. माईक हातात घेतला आणि म्हटले, "कुंदा."
पुढचे आले नाही. बराच वेळ उभा असेन. धोंडिराम उठून जवळ आले, दंडाला धरले.
"दाजी, ती नाही आता. बसा."
माईकचा दोष असावा. घरी आल्यावर माईकशिवाय म्हणून पाहिले. तेवढेच येते.