मेंढरं शेतात शिरली नाहीत

आबा, मेंढरं शेतात शिरेनात तेव्हा मी तिथंच उभा होतो. तुम्ही गेल्यावर आपला कळप धाकट्या काकांच्या पोराकडे गेला. मी जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून लागलो, भोरला खोली घेतली, लग्न झालं, मुलगी झाली. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला वाडीतलं आपलं घर आता वर्षातून दोनदा उघडतं. कळप मात्र अजून हिंडतो. पावसाळा सरला की चुलतभाऊ मेंढरं घेऊन डोंगर उतरतो आणि तुम्ही बसवायचात तशीच ती भोंगवलीकडच्या रानांत बसवतो. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, त्याला धान्य मिळतं. गेल्या हिवाळ्यात एका मेंढीच्या खुराला जखम झाली म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगावर होतं.

शेत तुमच्या ओळखीचं. पांदीच्या शेवटी, ओढ्यालगत, पलीकडे ऊस. बौद्ध वस्तीतल्या ज्या म्हातारीच्या रानात तुम्ही दर साली मुक्काम करायचात, तिचंच. म्हातारी आता नाही, तिचा मुलगाही नाही. सून एकटी शेत करते. मी तिला वहिनी म्हणतो. त्या वर्षी वहिनीनं वांगी लावली होती. बी कुणा पाहुण्यानं लांबून आणून दिलेलं, पाकिटावर ना नाव ना गाव. वांगं कापलं की आळी निघायचीच, हे आपण जन्मापासून बघत आलो. तिच्या वांग्यात आळी नव्हती. पाटीभर वांगी ओता, एकालाही भोक नाही. सगळी सारखी, काळीभोर, पाण्यातून काढल्यासारखी चकचकीत. ती कौतुकानं सांगत सुटली, "औषद मारलं न्हाई, तरी आळी म्हनून न्हाई." आबा, तिथंच बिघडलं. कुणीतरी मोबाईलवर दाखवलं की वांग्याच्या आतलं मूळचं काहीतरी बदलून असं बी करतात, ते खाऊन आळी मरते, आणि अशा वांग्याला आपल्या देशात परवानगी नाही. परवानगी नाही हे खरं होतं. त्याच्यापुढचं जो तो आपल्या मनानं जोडत गेला. कृषी खात्याचा माणूस येऊन चार वांगी पिशवीत घालून तपासायला घेऊन गेला, त्यामुळं तर लोकांची खात्रीच पटली.

त्या संध्याकाळी वहिनीनं तोडणी संपलेला अर्धा तुकडा मेंढरांना मोकळा केला होता. चुलतभावानं कळप पांदीतून वळवला. पुढची मेंढी बांधापाशी आली आणि थांबली. तिच्यामागची थांबली, मग तिच्यामागची. बघता बघता सगळा कळप बांधाला धरून एका रेघेत उभा. एकही मेंढी ओरडत नाही, एकही मान खाली घालत नाही. चुलतभाऊ शीळ घालतो, काठी आपटतो, एका कोकराला उचलून आत ठेवतो. कोकरू उडी मारून परत बाहेर. सगळ्यांची तोंडं त्या उभ्या पिकाकडं लागलेली, कान ताठ. मी लहानपणापासून जनावरांत वावरतो, पण शंभरावर मेंढरं इतकी गप्प उभी राहिलेली मी तोवर एकदाच पाहिली होती.

ती तुमच्याबरोबर. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आपण वाडीच्या वरच्या सड्यावर आहोत, आणि कळप असाच कातळापाशी अडलाय. मी दगड मारून हाकलायला लागलो तर तुम्ही माझा हात धरलात. चार पावलं पुढं जाऊन उकिडवे बसलात, मातीवरचा ठसा मला दाखवलात. तुमच्या तळव्याएवढा, गोल, नखं न उमटलेला. "जनावराला कळतं," म्हणालात, "आपल्याला बघावं लागतं." मग मेंढरं खालच्या वाटेनं काढलीत.

म्हणून मी बघितलं. मेंढीचा खूर बघायच्या निमित्तानं बांधाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथं पाटाचं पाणी झिरपून चिखल झाला होता. चिखलात ठसा होता. ताजा, कडा अजून ओल्या. उसातून निघून वांग्याच्या कडेनं बिबट्या गेला होता, कदाचित दुपारीच. तसाच वाकून मी एक वांग्याचं पानही उलटं करून पाहिलं. खाली पांढरी माशी बसलेली होती, चांगली भरपूर. कुठलाच किडा त्या झाडाला शिवत नाही हे गावात बोलत होते, तेही खरं नव्हतं.

मी वळलो तोवर बांधावर माणसं जमली होती. कामावरून परतणाऱ्या बाया, दुधाचे कॅन घेतलेले दोघं, मोटरसायकली थांबवून आलेली पोरं. तीन-चार मोबाईल वर धरलेले. वहिनी पिकात उभी होती, हातात विळा, आणि ती मेंढरांकडं नाही, माणसांकडं बघत होती. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "डाक्टर, तुमी तर जनावरातलं मानूस. काय म्हनता?" मी डॉक्टर नाही हे त्यांना ठाऊक आहे. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आबा, मला आजवर कुणी चारचौघांत असं विचारलं नव्हतं. ठशाचं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्या सगळ्यांना जे ऐकायचं होतं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या डाग नसलेल्या वांग्यांच्या ओळीत उभं राहून माझ्याही अंगावर काटा आला होता. मी म्हणालो, "जनावराला कळतं."

तुमचं अर्धंच वाक्य मी सांगितलं. चुलतभावाला बाजूला घेऊन म्हणालो, आज मेंढरं दुसरीकडं बसव, गावाजवळ, जागा रहा. त्यानं का म्हणून विचारलं नाही. त्यालाही वाटलं मी वांग्यामुळं सांगतोय.

ते चित्रण रात्रीतून कुठं कुठं गेलं. मेंढरांची रेघ, मध्ये वहिनी, आणि माझा आवाज. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या माणसांनी ते मला माझ्याच समोर ऐकवलं. भोरच्या बाजारात तिची पाटी कुणी उतरू देईना. सारोळ्याला हायवेच्या कडेला भाजी विकणारी एक बाई तिचा माल नेहमी घ्यायची, तिनं टेम्पोतूनच परत पाठवला. गावात कुणीतरी तिचं एक वांगं पारावर आणून ठेवलं आणि भोवती सुतळीचं रिंगण केलं, कुणी हात लावू नये म्हणून. येता-जाता माणसं त्याच्याकडं बघायची. कावळे त्याला शिवत नाहीत, असं मला तिघांनी हलक्या आवाजात सांगितलं. कावळा कच्चं वांगं कधी खातो, हे एकानंही स्वतःला विचारलं नाही. आठ-दहा दिवसांत ते कुठल्याही वांग्यासारखं सुरकुतलं, तपकिरी झालं. मग एका सकाळी ते तिथं नव्हतं, सुतळीचं रिंगण तेवढं होतं. पुढं बरेच दिवस लोक त्या रिकाम्या रिंगणाला वळसा घालून जायचे.

वहिनी गप्प बसणारी नव्हती. एका सकाळी ती ग्रामपंचायतीसमोर आली, पदरातून वांगं काढलं आणि सगळ्यांसमोर कच्चंच चावून खाल्लं, देठापर्यंत. म्हणाली, "बघा आता." मी तिथं नव्हतो, पण बघणाऱ्यांनी मला सांगितलं. ती गेली आणि लोक खरोखरच बघायला लागले. नळावर आली की बाया बोलणं थांबवून तिचा चेहरा न्याहाळायच्या. ती खोकली तर दुसऱ्या आळीत कळायचं. एक दिवस ती बाहेर दिसली नाही तर दुपारपर्यंत तीन जणी काहीतरी मागायच्या निमित्तानं दारावरून जाऊन आल्या. ती धान्य निवडत बसली होती. तिला काही झालं नाही. मग बोलणं बदललं. "लगीच न्हाई व्हत त्ये," लोक म्हणायला लागले, "पुढच्या पिडीत दिसतं." तिची लेक तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. वांगी तिनंही खाल्ली असणार.

मूल झालं. मुलगी. पाच-सहा दिवसांनी मी त्या वस्तीत म्हशींना लस टोचायला गेलो होतो, तेव्हा बाया बाळ बघायला येत होत्या. आधी ज्या तिच्या दारातून आत कधी गेल्या नव्हत्या, त्याही आलेल्या. मी अंगणातल्या म्हशीपाशी होतो, दार उघडं होतं. एकेक जण बाळाला मांडीवर घ्यायची, टोपडं सारखं करायची, आणि दुपटं थोडं बाजूला सारून बोटं बघायची. आधी हाताची, मग पायाची. कुणी मोठ्यानं मोजत नव्हतं. ओठ तेवढे हलताना दिसायचे. मग बाळ पुढचीच्या मांडीवर. बाळ रडलंही नाही. वहिनी चुलीपुढं बसून सगळ्यांसाठी चहा करत होती आणि एकेक ओठ हलताना बघत होती. चहाचे कप तसेच राहिले. कुणी प्यालं नाही. जाताना त्या म्हणाल्या, "ग्वाड हाय पोरगी."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं सगळं पीक उपटून बांधावर टाकलं. त्यानंतर पंधरा दिवसांत त्याच उसाच्या कडेला बिबट्या दिसला, एक कुत्रं गेलं, वनखात्याची गाडी फिरून गेली. त्या संध्याकाळशी हे जोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तपासायला नेलेल्या वांग्याचं काय निघालं, बी खरंच तसलं होतं की साधंच, हे विचारायला कुणी गेलं नाही. ज्यांना ठाऊक करून घ्यायचं होतं त्यांना आधीच ठाऊक झालं होतं. मीही गेलो नाही.

मला झोप लागेना म्हणून मी हे सांगायला गेलो असं म्हणता येईल, पण मला झोप लागत होती. म्हशींच्या लसीचा दुसरा डोस होता म्हणून गेलो. काम झाल्यावर ओसरीच्या पायरीवर बसलो आणि वहिनीला म्हणालो, "त्या दिवशी मेंढरं वांग्याला भ्याली न्हवती. बांधाच्या कोपऱ्यात वाघराचा ठसा हुता. म्या पाह्यला हुता."

ती म्हशीखालचं शेण गोळा करत होती. थांबली नाही. "मला ठावं हाय," म्हणाली. "म्या दुपारच्यालाच पाह्यला हुता. म्हनून तर इळा घिऊन हुबी हुती."

"मग बोलला का न्हाई तुमी?"

"माजं कोन ऐकनार हुतं? तुमी बोलाया पायजे हुतं, दादा." शेणाची पाटी तिनं कडेला ठेवली, हात धुतले. आवाज चढलेला नव्हता. "पयलं आमच्या हातचं पानी चालत न्हवतं. आता वांगं चालत न्हाई. नाव तेवडं नवं हाय. बियाचं मलाबी भ्या वाटतं, न्हाई कशाला म्हनू? पाकिटावर नाव न्हाई, कुनी केलं ठावं न्हाई. पोरीला खाऊ घातलं तवापास्नं बाळ हुईस्तोवर मीबी मनात बोटं मोजत हुते. पर लोकांनी बियाचं कुटं इच्यारलं? माझ्या दाराचं इच्यारलं."

आबा, त्या ओसरीवर मी एकदा तुमच्याबरोबर बसलो होतो. म्हातारीनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. वाटेत आपल्या सोबतच्या पोरांनी मला काहीबाही सांगितलं होतं, म्हणून मी ताटाला हात लावला नाही. तुम्ही मला मारलं नाही. माझ्या ताटातली भाकरी उचलून आपल्या ताटात घेतलीत आणि म्हणालात, "भूक न्हाई त्याला, बाई," आणि दोन्ही भाकरी सावकाश संपवल्यात. दिवसभर मी उपाशी राहिलो, आणि तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत.

मी निघालो तेव्हा वहिनीनं घरात जाऊन एक पिशवी आणली. परसात चार झाडं तिनं ठेवली होती. "पोरीला न्या," म्हणाली, "भरून करा. तुमच्या आबांना आवडायचं." मी दोन्ही हातांनी पिशवी घेतली. कशानं मेंढरं अडली हे मला ठाऊक होतं, पानाखालची माशी मी डोळ्यांनी पाहिली होती, बाळ बघितलं होतं. ती समोर उभी होती आणि मला तिच्याकडं नीट बघवत नव्हतं.

हे पत्र मी कुणाला देणार? तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवावं असं इथं कुणी नाही. घडी करून लसीच्या नोंदवहीत ठेवीन. बायकोला अजून सांगितलेलं नाही ते एवढंच: नीरेच्या पुलावर मी गाडी थांबवली आणि कठड्यावरून पिशवी पाण्यात रिकामी केली. वांगी बुडाली नाहीत. एकामागं एक तरंगत पुलाखालून गेली, आणि ती दिसेनाशी होईस्तोवर मी तिथंच उभा राहिलो, मागं कुणी बघत तर नाही ना, हे बघत.