आखूड राहिलेली नळी

आदरणीय व्याहीबुवा यांस,

सादर आणि सप्रेम, असे दोन्ही नमस्कार. (तीर्थरूप लिहावं तर तुम्ही वयाने माझ्याहून लहान, नुसतं 'प्रिय' लिहावं तर मुलीच्या वडिलांशी ती सलगी वाटेल. मायन्यातच एक कागद वाया गेला, तेव्हा जमलं तसं गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे मजेत. म्हणजे ही मजेत आहे, चिरंजीव ऑफिसात आहेत, आणि मी हे पत्र कपाटाच्या फळीवर कागद ठेवून, अर्धवट वाकलेल्या अवस्थेत लिहितो आहे, कारण मला बसताही येत नाही आणि सरळ उभंही राहता येत नाही. त्याची हकीकत ओघात येईलच. आजकाल पत्र कोण लिहितो, फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. पण तुमच्याकडे फोन विहीणबाई उचलतात, आणि त्यांना सांगितलेली गोष्ट चहा निवायच्या आत सूनबाईला कळते. (ही तक्रार नव्हे. एरवी ती पद्धत आमच्या फार सोयीची असते.)

विषय तुम्ही दिलेल्या व्हॅक्यूम क्लीनरचा आहे. यंत्र उत्तम आहे हे आधीच सांगून टाकतो. 'झाडूला वीज लागत नाही' असं मी मागे तुमच्यादेखत म्हणालो होतो, आणि नंतरही एकदोनदा (ही म्हणते, रोज) म्हणालो असेन, पण ती आपली माझ्या जिभेची सवय. सूनबाईने मात्र ते मनाला लावून घेतलं असावं, कारण त्या यंत्राला ती मला हात लावू देत नाही. मी केर काढायला पुढे झालो की 'बाबा, राहू द्या, मी करते' म्हणते, आत जाते, दार लोटून घेते, आणि मग नुसता आवाज ऐकू येतो. आता याचा अर्थ काय काढायचा? माझ्या हातात ते टिकणार नाही, किंवा मी मुद्दामच ते टिकू देणार नाही, असं तिला वाटतं, यापलीकडे मला काही सुचलं नाही. खरं सांगतो, मला ते लागलं. एरवी चष्मा कुठे ठेवला इथपासून नोकरीत साहेबाला काय उत्तर द्यावं इथपर्यंत ती मला येऊन विचारते, आणि केराच्या बाबतीतच मी परका. म्हणून ऑफिसच्या कामासाठी ती परगावी गेली तेव्हा ठरवलं, की तुमच्याच यंत्राने सगळं घर लखलखीत करून तिला दाखवायचं.

यंत्र बाहेर काढलं. नळी आखूड होती, एकीत एक शिरलेली. (सूनबाई व्यवस्थित आहे, ठेवताना मिटून ठेवत असणार.) ती लांब कशी करायची याचं प्रात्यक्षिक मागच्या खेपेला तुम्ही आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून दिलं होतंत. बटण दाबून ओढायचं, की फिरवून दाबायचं, की ओढता ओढता फिरवायचं? तुम्ही जे काही सांगितलंत त्यावर मी बराच वेळ मान डोलावली एवढं मला स्वच्छ आठवतं, सांगितलंत काय ते आठवत नाही. व्याह्यांना 'पुन्हा एकदा सांगा' असं कसं म्हणणार? ती मान आदराने डोलत होती, समजून नव्हे. शेवटी मी बटण दाबून नळी उजवीकडे फिरवली, मग डावीकडे फिरवली, मग बटण सोडून दोन्हीकडे फिरवली. यांतलं काहीतरी नक्कीच चुकीचं होतं, कारण नळी जी अडकली ती अडकलीच. हिने दारातून पाहिलं, 'हात दाखवून अवलक्षण' एवढंच म्हणाली आणि तेलाची वाटी आणून दिली. तेलाने नळी निघाली नाही, फक्त धरता येईनाशी झाली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. (सेवानिवृत्त आहेत. भूगोल शिकवायचे, पण सल्ला कुठल्याही विषयावर देतात.) ते म्हणाले, उष्णतेने धातू प्रसरण पावतो, तेव्हा गरम पाणी ओता. मी ओतलं, नळीच्या मधोमध. मग मास्तर नळीत डोकावले आणि म्हणाले, खरं तर बाहेरची नळी तापवायला हवी होती, आता आतलीच फुगली असेल. मी म्हटलं, मग आतून बर्फ घालू का? ते म्हणाले, तसं केलं तर दोन्ही आकसतील. मला त्यातलं काही कळलं नाही, त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. अखेर एका टोकाला मास्तर आणि ही, दुसऱ्या टोकाला मी, अशी रस्सीखेच झाली. तेलामुळे त्यांचे हात सुटले आणि मी नळीसकट चपलांच्या ढिगात जाऊन बसलो. मास्तरांना तेव्हाच घरी काहीतरी काम आठवलं.

निदान केर तरी काढू, म्हणून नळी वाळवून मी तशाच आखूड नळीने सुरुवात केली. व्याहीबुवा, ती नळी आखूड असली की माणसाला जवळजवळ जमिनीशी बोलावं लागतं. हॉल अर्धा झाला, पलंगाखाली वळलो आणि कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. पण दुखणं कंबरेचं नाही. सूनबाई उद्या येते आहे. मी एवढी चेष्टा केलेलं यंत्र, ती नसताना, माझ्याच हातून बिघडलं, हे मुद्दाम नव्हतं असं ती का मानेल? मी तिच्या जागी असतो तर मानलं नसतं. ती बोलणार काही नाही, नुसतं 'असू दे बाबा' म्हणेल आणि मनातून दूर जाईल. याची मला फार धास्ती वाटते.

कळावे. विहीणबाईंना नमस्कार, पण मजकूर कळवू नये.

आपला,
वाकलेला व्याही

ता.क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. कृपया नळी कशी सोडवायची ते लहान मुलाला सांगावं तसं, चित्र काढून, पत्र आणणाऱ्याच्याच हाती आजच्या आज कळवा. यंत्र तुमच्या चांगलं सवयीचं आहे.

दुसरा ता.क. पत्र पाकिटात घालत होतो तोच सूनबाई आली, एक दिवस आधी. नळी माझ्या हातातच होती. मी तोंड उघडायच्या आत तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, 'बाबा, पप्पांना सांगू नका हं.' व्याहीबुवा, नळी मी अडकवलेली नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी ती किती लहान होते हे दाखवायला तुम्ही जोरात मिटलीत, तेव्हापासून ती तशीच आहे. तुमच्या भेटीला कुणी हसू नये म्हणून तुमची मुलगी इतके महिने दार लोटून, वाकून केर काढते आहे. माझी कंबर अर्ध्या हॉलमध्ये गेली.

तुम्हाला सांगणार नाही असं मी तिला कबूल केलं आहे. तरीही सांगतो, कारण आपली मुलगी काय आहे हे बापाला कळायला हवं. तिला मात्र काही विचारू नका. रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की नळी मी मोडली. हिला ते पटायला घास गिळण्याइतकाही वेळ लागला नाही. चिरंजीव म्हणाले, 'वाटलंच होतं.' जेवणं झाल्यावर सूनबाई नळी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'बाबा, ही बाजू तुम्ही धरा.' आम्ही बराच वेळ ओढत होतो. निघाली नाही. उद्या पुन्हा ओढायचं ठरलं आहे.

तेव्हा व्याह्यांनी यंत्र मोडलं, असं विहीणबाई तुम्हाला एकदोन दिवसांत सांगतील. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हात जोडून विनंती करतो, कृपा करून माझी बाजू घेऊ नका.