कोरडी कापडं

ता. १३ नोव्हें. ५८, गुरुवार. पौड
आज एकेकाची विचारपूस केली. धाकटा भाऊ दत्तू: खोकला कमी, विडी चालू. त्याची बायको सुंदरा: गुडघे. "घराला जिना असता तर मेलेच असते वन्सं." जिना नाही, म्हणून जगली. त्यांची लेक इंदू माणहून, सासरहून, दिवाळीला आली आहे. लग्नाला चौथं वर्ष. "तू कशी हायेस गं?" "बरी हाय, आत्या." अंगाने सुटली आहे, तोंड मात्र वाळलेलं.
मला कुणी विचारलं नाही, मीच लिहिते. अठरा दिवस अंगावरून जातं आहे, थांबत नाही. पन्नाशी उलटली, बरोबरीच्या बायका सुटल्या. मला उभ्या जन्मात पाळी वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. आता उशिरा आलेला पाहुणा मुक्काम ठोकून बसला आहे. या वयात कोण बाजूला बसा म्हणणार? गुपचूप कामं करते.

१५, शनि.
हनुवटीचे केस उपटले चिमट्याने. अकरा. सुंदरा म्हणाली, "ह्यांच्यापरीस तुमचीच दाढी दाट हाय, वन्सं." हसले. तिच्या मनात काही नसतं.
इंदू हसली नाही. तिने पदर हनुवटीवर ओढून घेतला.

१७, सोम.
इंदू कालपासून बाजूला बसली आहे, पडवीत. ताट मी नेऊन ठेवते. सुंदरा खूश. "पोरीची पाळी येळंवर हाय. मग अडतंय कुटं?"

१९, बुध.
ओढ्यावर इंदूच्या मागोमाग गेले, माझी कापडं धुवायला. ती वरच्या अंगाला बसली होती. कापडं पाण्यात बुडवली, पिळली, करवंदीच्या जाळीवर टाकली. कोरीच होती. पाणी माझ्यापर्यंत आलं ते नितळ.
हे मला ठाऊक आहे. सासरी मी तीन वर्षं हेच केलं.
पहिल्यांदा सहा महिने चुकले तेव्हा सासरच्यांनी माझी ओटी भरायची तयारी केली होती. चोळी शिवून आणली. पोटात काही नव्हतं. ते हसं पुन्हा नको म्हणून महिना भरला की गोठ्याकडे जाऊन बसायची, चार दिवस. मग एकदा सासूबाईंनी येऊन कापडं उलटीपालटी करून पाहिली. वर्षाच्या आत सवत आली. मी इथे. दत्तूला एवढंच सांगितलं की सवतीशी पटत नाही. अजून तेवढंच.

२०, गुरु.
परसात इंदू भांडी घासत होती. विचारलं, "पाळी येऊन किती महिनं झालं?"
"कशाला?"
"मी वढ्यावर बघितलं, इंदे."
रडली नाही. "पाच. आत्या, आईला सांगशील तर तुला माझी आन हाय. सासू म्हणती चैतापातूर बघू, न्हाईतर माघारी धाडू." मग हात थांबवून, "पर तेवढ्यावरनं तुला कसं कळलं गं?"
ओठापर्यंत आलं होतं. म्हटलं, "म्हातारीच्या नजरंला दिसतं."
असं का म्हटलं मी

२२, शनि.
जावई बैलगाडी घेऊन आले, इंदू गेली. सुंदराने शिदोरी दिली. मी नुसतीच उभी.

५ डिसें., शुक्र.
परवा खळ्यावर भोवळ आली. म्हणून आज दत्तू एस.टी.ने पुण्याला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. लघवीत साखर निघाली. म्हणाल्या, बीजकोश तरुणपणापासूनच सुजलेले असावेत, बारीक बारीक पाण्याच्या गाठींनी भरलेले. म्हणून पाळी लांबायची, म्हणून केस, म्हणून अंग. "यात तुमचा दोष काही नाही." ताटात भाकरी वाढावी तसं सहज म्हणाल्या.
गर्भाच्या पिशवीतला तुकडा काढून तपासायचा, वाईट काही नाही ना बघायला. तीन दिवस राहायचं. सोमवारी १५ ला या म्हणाल्या.
मग विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे असं? अशा मुलींना मूल होतच नाही असं नाही. लवकर आणलं तर बघता येतं."
मी म्हटलं, "न्हाई. कुणाला न्हाई."
दत्तू बाहेर होता, दारही लावलेलं होतं, सांगता आलं असतं. जिभेलाच सवय झालेली.

७, रवि.
इंदूला कळवायचं कसं? तिला वाचता येतं, मीच शिकवलं, दत्तूच्या पाटीवरून मी चोरून शिकले तसं. पण माणला आलेलं पत्र जावई ओसरीवर मोठ्याने वाचतात, सासू ऐकते. स्वतः जावं तर चार पावलांत धाप.

१०, बुध.
कार्ड टाकलं. मजकूर असा: चि. इंदूस आत्याचे आशीर्वाद. मला सोमवारी पुण्याला दवाखान्यात राहायचं आहे. जवळ बाईमाणूस हवं. तुझ्या आईला भाताची झोडणी सोडून निघता येत नाही. सासूबाईंना नमस्कार सांगून विचार, तुला धाडतील का.
'डॉक्टरीणबाई तुझ्याशीही बोलतील' हे मनात होतं, कार्डावर घातलं नाही. बाकी एक अक्षर खोटं नाही.

१८, गुरु.
उत्तर नाही. सोमवार गेला, मी पुण्याला गेले नाही. रक्त चालूच. दत्तू चिडला. "अक्का, आमी काय मेलोय व्हय? पोरीच्या सोबतीसाठी जीव घालवनार?" सुंदरा म्हणाली, झोडणी राहू दे, मी येते. तिलाही नको म्हटलं. दोघांना वाटतं मी हेकटपणा करते. आण घातली आहे, बोलता येत नाही.
आज दुसरं कार्ड. आशीर्वादाखाली एवढंच: तू आल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. सासूबाईंनाही हे वाचून दाखव. माझ्या अंगात आता फार दिवस थांबायचं बळ नाही. दोन ओळी पुरेत, पण इंदे, लवकर लिही.