जवळ कोण उभं राहणार

गुरुवार, संध्याकाळ. बदलापूर

बाबांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन रोबोटने करायचं ठरतंय. आज डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. रोबोट स्वतःहून काही करत नाही. डॉक्टरबाई खोलीच्या कोपऱ्यात पडद्यासमोर बसून हात हलवणार, तशी बाबांच्या फासळ्यांमधून आत गेलेली बारीक हत्यारं हलणार. छाती मधोमध उघडावी लागणार नाही.

मी विचारत सुटले. मशीन बंद पडलं तर? तर नेहमीसारखं हाताने करू, म्हणाल्या, तयारी असतेच.

बाबांचा जन्म अंबरनाथच्या कारखान्यात प्रेस मशीन चालवण्यात गेला. ते म्हणाले, "दसऱ्याला हार घालता का त्याला?"

"आत फुलं चालत नाहीत, काका. बाहेर दाराला घालतो."

बाबांनी मान डोलावली. मग हळूच, "पण तुम्ही कोपऱ्यात. माझ्याजवळ कोण उभं राहणार?"

"माझे सहकारी डॉक्टर. पूर्ण वेळ."

तेवढ्यावर तयार झाले. हे मला का नाही सुचलं विचारायला? घरी आल्यापासून तेच डोक्यात. जवळ कोण. मला आत सोडणार नाहीत, माहीत आहे. पण बाहेरची कुठली भिंत त्यांच्या टेबलाला सगळ्यात जवळ, ते उद्या डॉक्टरबाईंना फोन करून विचारणार आहे. हसल्या तर हसू देत.