सतरा नंबरची कंबर

९ जाने.
सकाळपासून लॅबमध्ये मॅडमच्या पीएच.डी.ची माणसं. पोट सुटलंय, बीपी-साखर-चरबी वाढलीय, अशांच्या रक्तात एमडीए किती ते बघायचं. आतली चरबी गंजली की हे एमडीए वाढतं, असं मॅडम प्रत्येकाला समजावतात. आजारी हवे तेवढे मिळतात. तुलनेला निरोगी मिळत नाहीत.
तुकईथडच्या बसला जायच्या आधी दादा उपाशीपोटी आला. तिकडच्या शाळेत मास्तर आहे तो. "मला लिही चांगल्या लोकांत. रोज तापीवर फिरतो मी, मला काय धाड भरलीये?" पोट आत ओढून हसत उभा. तरी कंबर ९७ सेंटीमीटर. नव्वदच्या आत पाहिजे. ८९ लिहिलं. बीपी १४४, ते १२८ लिहिलं. जिना चढून आला म्हणून वाढलं असेल. गट भरतो, मॅडम खूश, दादाही खूश. त्याचा नंबर १७.

१२ जाने.
१७ चा रिपोर्ट. साखर ११८. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २६०. दोन्ही जास्त.
मॅडम म्हणाल्या, "पाचातल्या तीन खुणा असल्या तर सिंड्रोम. याच्या दोनच. कंबर, बीपी नीट घेतलंस ना शरद?"
"हो मॅडम."
"ठीक. तरी डॉक्टरकडे जायला सांग त्यांना."
दोन नाहीत, चार आहेत. मला माहीत आहे.

१४ जाने.
संक्रांत. दादाकडे जेवण. हात धुताना त्याला बाजूला घेतलं. "साखर जराशी वाढलीय. दाखवून ये एकदा."
"जराशीच ना?"
"जराशीच."
बीपीचं ओठांवर आलं होतं. ते सांगायचं म्हणजे कागदावर काय लिहिलं तेही... राहिलं.
वहिनींनी आग्रहाने त्याला तिसरी गुळाची पोळी वाढली. मी बघत बसलो.

४ फेब्रु.
सकाळी गौरीचा फोन. "काका, पप्पा बाथरूममध्ये गिर गए, बोलत नाहीयेत, जल्दी या." मी आणि शेजारच्यांनी उचलून ऑटोत घातलं. दवाखान्यात मोजलं, बीपी २१०. मेंदूत रक्तस्राव. उजवी बाजू गेली.
डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी चालू होती का. वहिनी म्हणाल्या, "यांना बीपी नाहीच हो. गेल्या महिन्यात भाऊजींनीच तर मोजलं." आणि माझ्याकडे बघितलं.
मी मान डोलावली.

१९ फेब्रु.
दादा घरी. अठ्ठावीस वर्षं वर्गात बोललेला माणूस. आता नुसतं आ, आ. लॅब सुटली की जातो, पेज भरवतो. उजवीकडून ओघळते. पुसताना तो भिंतीकडे बघतो.
गौरीने बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडला. विचारलं तर म्हणे, "बाद में देखेंगे काका."
वहिनी शेजारणींना सांगतात, दीर नसता तर आमचं काही खरं नव्हतं.

५ मार्च
एमडीएचे आकडे आले. निरोगी गटात एकच इतका वर. मॅडमनी बोट ठेवलं. "सतरा कोण?"
सांगितलं. सगळंच. टेप, बीपी, दादा.
त्यांनी सतरासमोर रेघ ओढली. मग म्हणाल्या, "याला काढावं लागेल. बाकी सगळे पुन्हा मोजावे लागतील. तुझ्यावर आता मी कसा भरवसा ठेवू?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
मी दाराशी गेल्यावर, "घरी माहीत आहे?"
नाही.

६ मार्च
लॅबला गेलो नाही. वहिनींना सांगायला निघालो, गांधी चौकातून परत आलो.

११ मार्च
आज गेलो. गौरी बाहेर, वहिनी आत भाजी चिरत. आधी दादाला सांगायचं ठरवलं होतं. खाटेवर त्याच्याजवळ बसलो. हळू आवाजात सगळं सांगितलं. "तुला तेव्हाच गोळी सुरू झाली असती दादा."
त्याच्या डोळ्यांतून पाणी. थांबेना. पण परवा गौरीने केळं सोलून दिलं तेव्हाही असाच रडला होता. डॉक्टर म्हणतात, या आजारात होतं असं, अर्थ लावत बसू नका.
"कळलं का रे तुला?"
आ.
वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "काय सांगत होतात हो भाऊजी यांना?"
तोंड उघडलं मी. तेवढ्यात दादाने डावा हात उचलला. तो माझ्या ओठांवर टेकला. गप्प बस म्हणतोय की बोल म्हणतोय?
वहिनी दोघांकडे बघत उभ्या.